बनुबाईच्या घुशी

पेवांच्या आवारात गवताची काडी दिसता कामा नये, आणि रात्रीत घुशीनं कुठं माती उकरली असेल तर ती ऊन चढायच्या आत दिसली पाहिजे. बनुबाईचं काम एवढंच होतं, आणि ते कधी संपत नसे.

सांगलीच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठी रायगोंडा अण्णांची हळदीची गिरणी होती. पुढं ऑइल इंजिनाची धडधड, हळद घोळायची मोठी पिंपं, भुकटीनं पिवळ्या झालेल्या भिंती. मागं दोन एकर उघडी जमीन. परक्या माणसाला ती पडीक वाटे, पण तिच्या पोटात एकोणीस पेवं होती. जमिनीत खोल खणलेले हे खड्डे मडक्याच्या घाटाचे असत. तोंडातून माणूस जेमतेम उतरे आणि आत मात्र एक खोली मावावी एवढी जागा. चैत्रात आतून उसाचा पाला लावून हळद ओतायची, तोंड मातीनं लिंपायचं आणि वरची जमीन अशी सपाट करायची की खाली काही आहे हे कुणाला कळू नये. मग वर्षभर, कधी दोन वर्षंही, हळद अंधारात तशीच राही. तिला पाणी तेवढं लागता कामा नये. हरळीची मुळी खोल उतरली की तिच्या वाटेनं पाणी झिरपतं. घुशीचं बीळ म्हणजे तर पाण्याला काढून दिलेला पाटच.

म्हणून बनुबाई झुंजूमुंजू व्हायच्या वेळी खुरपं घेऊन आवारात शिरे आणि उभं-आडवं चालत राही. लव्हाळ्याचं एक पातं दिसलं की वाकायची. लव्हाळा नुसता उपटून भागत नाही, खालची गाठ निघाली नाही तर चार दिवसांनी तो पुन्हा हजर होतो. ती गाठीसाठी ढोपरभर माती उकरे, गाठ हातात आली की तिच्याकडं बघे आणि मग पुन्हा चालू लागे. घरी चुलीपाशी बसलेली असतानाही तिच्या डोळ्यांपुढं ती जमीन असे. सातव्या पेवाच्या कडेला काल काहीतरी हिरवं दिसलं होतं का? ती तव्यावरची भाकरी शेजारणीवर सोपवून आवारात जाऊन बघून यायची.

नवरा गिरणीतच हमाल होता. तो विषमज्वरानं गेला तेव्हा अण्णांनी तिला हे काम दिलं. अण्णा जैन. पाणी गाळून पिणार, दिवस मावळायच्या आत जेवणार. काम देताना त्यांनी दोन अटी घातल्या होत्या. आवारात विष घालायचं नाही आणि जाळ करायचा नाही.

"बनुअक्का, घूस धरायची आणि न्हेऊन सोडायची," ते म्हणाले होते. "पानी वलांडून सोड. पलीकडं कवठवाडीच्या फुडं माळ हाय, तिथं. पानी मधी आलं की जनावराला माघारीची वाट गावत न्हाई."

"आनि गवात?"

"त्ये बी जाळायचं न्हाई. किडामुंगी असती त्यात. नदीकडंला टाक."

बनुबाईनं उंबऱ्याला हात लावून शब्द दिला. गवताच्या पाट्या ती नदीच्या दरडीवरून खाली ओतू लागली. घुशींसाठी लाकडी चौकटीचा, तारेचा पिंजरा होता. त्यात भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा अडकवायचा. आठवड्याला चार-पाच घुशी सापडत, पावसाळ्यात जास्त. पिंजरा पाटीत ठेवून वर ओलं पोतं टाकून ती दिवसाच्या पहिल्या नावेनं पलीकडं जाई. ही पहिली नाव इकडून रिकामीच निघे, कारण कवठवाडीचं दूध आणि भाजी आणायला ती पलीकडं जायची. नावेत फक्त बनुबाई आणि नावाडी जोतीराम.

"मावशी, आज किती पावनं?" जोतीराम विचारे.

"दोन हायत. नवराबायकू असतील."

"बघू तर." तो पोतं उचलून वाकून बघायचा. गिरणीतल्या घुशी पिंपांखालच्या भुकटीतून ये-जा करत. त्यांची पोटं आणि पायांचे तळवे पिवळेजर्द झालेले असत. "आगं, ह्यास्नी तर हळद लागल्याली हाय. वरात कुठवर न्ह्यायची?"

"गप वल्हव गड्या. कवठवाडीत कुनाला बोलू नगंस म्हंजे झालं."

"मी कशाला बोलू? उद्या म्हनतील जोत्यानंच आनल्या."

कवठवाडीत बनुबाईची लेक दिली होती. शालू. एकुलती. जावई कृष्णात पलटणीत होता. लढाई सुरू झाल्यावर त्याला आधी मिसरात आणि मग इटलीत पाठवलं. घरी शालू आणि तिचे सासरे आप्पासो, दोघंच. नदीच्या मळीत, काठच्या गाळाच्या जमिनीत, त्यांचा दीड एकर. वर ऊस, खाली भुईमूग. आईनं लेकीच्या घरी कारणाशिवाय वरचेवर जाऊ नये, गेली तरी लेकीला मूल होईस्तोवर तिथं जेवू नये, अशी रीत होती. बनुबाईला कारण मिळालं ते पिंजऱ्याचं. माळावर घुशी सोडायच्या आणि परतताना लेकीच्या दारात घटकाभर टेकायचं. पाटीत काय आहे ते ती सांगत नसे. शालूला वाटे, गिरणीची काही ने-आण असेल.

पण माळ दीड मैल लांब होता. तिथपर्यंत जाऊन यायचं म्हटलं की भरलेली नाव निघून जाई आणि आवार उघडं पडे. एकदा उशीर झाला म्हणून बनुबाईनं नाव लागायची त्या उताराजवळच्या बाभळीखालीच पिंजऱ्याचं दार उघडलं. त्या दिवशी शालूकडं बराच वेळ बसता आलं. शालूनं कृष्णातचं पत्र दाखवलं, त्यातल्या काळ्या शाईनं खोडलेल्या ओळी दाखवल्या. दोघींनी मिळून शेंगा फोडल्या. पुढच्या खेपेलाही बनुबाई बाभळीपाशीच थांबली. मग माळावर ती गेलीच नाही. दोन वर्षं.

चव्वेचाळीसच्या भाद्रपदात शालू भुईमुगात भांगलत होती. वेलाखाली माती हलली, एक मोठी घूस बाहेर आली आणि शालूनं हातातलं खुरपं मारलं. घूस उलटी पडली. आप्पासो बांधावरून बघायला आले आणि बघता बघता त्यांनी डोकीचं मुंडासं काढून हातात घेतलं.

त्या घुशीचं पोट पिवळंजर्द होतं.

"भंडारा हाय ह्यो," ते हलक्या आवाजात म्हणाले. "खंडोबाचा भंडारा."

तशा घुशी गावात आणखी दोघा-तिघांनी पाहिल्या होत्या. कुणी बोललं नव्हतं इतकंच. आता सगळे बोलू लागले. आपण भंडारा उधळतो तो कुठं जातो, देव कुठल्या रूपानं रानात फिरतो, कुणी सांगावं. देवळात बैठक बसली आणि ठरलं की भंडारा लागलेल्या जनावराला कुणी हात लावायचा नाही. ऊस कुरतडला तर कुरतडू दे. शालूनं मारलेल्या घुशीला पाटावर ठेवून, वर हळद-कुंकू वाहून नदीत सोडलं.

त्याच महिन्यात कृष्णातचं पत्र आलं नाही. पुढच्या महिन्यातही आलं नाही.

हे सगळं शालूनं आईपासून लपवलं होतं. बनुबाईला ते तिच्याच तोंडून कळलं, एका सकाळी. शालू जात्यापाशी बसली होती. जात्यात दाणे घातलेले होते, पण खुंट्याला हात नव्हता.

"आये, मी देवाचं जनावर मारलं."

"कुठलं देवाचं? घूस ती घूस."

"तू बघितली न्हाईस. पोट पिवळं हुतं सगळं. मामंजी म्हनलं भंडारा हाय." शालूनं पदरानं नाक पुसलं. "तवापास्नं त्यांचं पत्र न्हाई. दोन म्हैनं झालं. पलटनीत ह्ये तिकडं, आनि मी हिकडं आसं करून बसले."

बनुबाईच्या मांडीजवळ पाटी होती. पाटीत रिकामा पिंजरा. पोत्याखालून त्याची एक तार बाहेर आली होती, ती तिनं बोटानं आत ढकलली. आपण सांगितलं तर आप्पासो काय म्हणतील, गाव काय म्हणेल, हे तिला दिसत होतं. बोल शालूलाच लागतील. तुझ्या आईनं आमच्या रानात घुशी पेरल्या. नवरा परदेशी असलेल्या पोरीला असले बोल लागले तर ती जाणार कुठं?

"येतंय पत्र. लढाईत टपाल रखडतंय," एवढंच ती म्हणाली आणि उठली.

उताराकडं जाताना ती आप्पासोंच्या बांधावर थांबली. उसाच्या बुडख्याशी ताज्या मातीचा ढीग होता. तसा ढीग ती वीस पावलांवरून ओळखे. खाली भुईमुगाच्या ओळींत लव्हाळा मातला होता. मळीत लव्हाळा सगळ्यांकडंच असतो, तिनं स्वतःला सांगितलं. पण दरडीवरून ओतलेल्या पाट्या पुराबरोबर कुठं लागल्या असतील, हा विचार त्या दिवसापासून तिच्या मागं लागला.

त्यानंतर बनुबाई माळावर जाऊ लागली. माळाच्याही पुढं, खडकाळ टेकाडापर्यंत. दुपार होऊन जाई तरी ती परतत नसे. परतली की धावत आवारात शिरे आणि तिथं तिच्यावाचून हिरवं उगवलेलं असे. एका जागी वाकली की दुसऱ्या जागेची काळजी, आवारात असली की पलीकडची. जेवताना तिचा घास हातात राही. गिरणीतल्या बाया म्हणत, बनुबाईला कुणीतरी बोलावतंय आणि कुठून ते तिला कळत नाहीये.

एकदा तिनं नदीकाठी पिंजरा पाण्यात बुडवला. घुशीचा रंग धुवून काढावा असं तिच्या मनात होतं. घूस तारेला धडका देऊ लागली. पिंजरा वर घेतला तर पोट तसंच पिवळं, फक्त केस चिकटून अंगाला बसलेले. तिनं पुन्हा बुडवला. या खेपेला तिचा हात खालीच राहिला. बुडबुडे वर येत होते. आणखी थोडा वेळ, मग एक कमी होईल, आणि कुणी बघतही नाही. तिच्या हाताला मुंग्या आल्या. मग तिनं झटक्यानं पिंजरा ओढून वाळूवर टाकला. घूस शिंकल्यासारखं करत एका कोपऱ्यात बसून राहिली. बनुबाईही बाजूला बसली. तिला शब्दाची भीती नव्हती, पापाचीही फारशी नव्हती. एक मारून शालूच्या रानातल्या किती कमी होणार होत्या?

कार्तिक सरत आला. चंपाषष्ठीला देवळात जत्रा भरायची होती. शालूनं नवस बोलला होता. त्या दिवशी आपल्या रानापासून देवळाच्या पायरीपर्यंत दंडवत घालत जायचं आणि तोवर धान्य खायचं नाही. सकाळी थोडं दूध, तिन्हीसांजेला थोडं दूध. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरू लागल्या. आप्पासोंनी दोनदा समजावलं, मग तेही गप्प झाले. देवाच्या कामात सुनेला किती अडवायचं?

"एवडं वाळून कसं चालंल, शाले?" बनुबाई म्हणाली.

"त्यांस्नी तिथं काय मिळतंय खायाला कुनाला ठावं."

त्या सोमवारी बनुबाई अण्णांपुढं जाऊन उभी राहिली. अण्णा पिंपाच्या पट्ट्याकडं बघत होते.

"बनुअक्का, सातव्या पेवावर लव्हाळा दिसतोय," ते तिच्याकडं न बघता म्हणाले. "तुझं ध्यान कुठं हाय हल्ली?"

तिनं सगळं सांगितलं. सांगताना ती उभ्या जागी पाय बदलत होती. अण्णांनी इंजिन बंद करायला लावलं. एकदम शांत झालं.

"मी माळ म्हनलो हुतो."

"व्हय."

"मग कुठं सोडत हुतीस?"

"उतारापाशी. बाभळीखाली."

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. तिच्या कडेला साचलेली पिवळी भुकटी ते बोटानं काढत राहिले. "दोन वरसं मला वाटत हुतं, आपुन जीव वाचीवतोय," ते म्हणाले. रागावले नाहीत. टोपी पुन्हा डोक्यावर घालून म्हणाले, "सांगून टाक जा. अट माझी हुती, माझं नाव फुडं घाल."

"अट तुमची व्हती अण्णा. पर माळावर न्हाई ग्येले ती मी."

रविवार खंडोबाचा वार. आप्पासोंच्या अंगणात त्या सकाळी चार-पाच माणसं बसली होती, जत्रेचं बोलणं चाललं होतं. बनुबाई आली ती पाटी डोक्यावर घेऊन सरळ अंगणाच्या मध्यापर्यंत. एरवी ती दाराच्या कडेनं आत जाई. तिनं पाटी खाली ठेवली आणि पोतं काढलं. पिंजऱ्यात घूस होती. ऊन पडल्याबरोबर ती मागं सरकली आणि तिचं पिवळं पोट सगळ्यांना दिसलं. एकाचे हात आपोआप जोडले गेले.

"हात जोडू नगा," बनुबाई म्हणाली. "ह्यी माझी हाय. आमच्या गिरणीतली."

आप्पासो उठून उभे राहिले. "काय म्हनता, ईनबाई?"

"आवं पावनं, गिरणीत हळदीची भुकटी ढोपरभर पडल्याली असती. जनावर त्यातनं हिंडतंय, रंग लागतोय. दुसरं काय न्हाई." तिनं खाली बसून आपला एक पाय उचलला आणि तळवा त्यांच्याकडं केला. भेगांत, टाचेच्या कडेला, बोटांच्या बेचक्यांत हळद मुरली होती. "ह्यो बगा. मला बी लागल्याला हाय. म्हनून मी काय देवाची झाले व्हय?"

शालू आतून दारापर्यंत आली होती. तिनं चौकट धरली होती.

"किती सोडल्या?" आप्पासोंनी विचारलं.

"मोजल्या न्हाईत. आठवड्याला चार, पाच. दोन वरसं."

"कुठं?"

"उतारापाशी."

"फुडं माळ हुता की, ईनबाई. आमचं रानच गावलं?"

"अण्णास्नी शब्द दिल्याला, मारायच्या न्हाईत. माळावरच सोडायच्या हुत्या." बनुबाईनं दाराकडं बघितलं आणि नजर खाली घेतली. "माळावर ग्येलं की शालीकडं बसाय येळ ऱ्हात न्हवता."

बसलेल्यांपैकी एक म्हातारा हसला. "म्हंजे आमी दोन म्हैनं गिरणीच्या घुशीस्नी दंडवत घालतोय तर." दुसरा त्याला म्हणाला, "तुझा ऊस न्हाई खाल्ला, म्हनून दात काढतोयस." तेवढ्यावर म्हाताऱ्याचं हसू ओसरलं.

आप्पासो पिंजऱ्याजवळ गेले. वाकून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी भिंतीला टेकलेली काठी घेतली आणि पिंजरा उचलला. "शब्द तिकडं दिलाय तुमी. हितला न्हवं," ते म्हणाले आणि गोठ्यामागं गेले. बनुबाईनं अडवलं नाही. गोठ्यामागून दोनदा आवाज आला. ते परतले तेव्हा पिंजरा रिकामा होता. त्यांनी तो तिच्यासमोर ठेवला.

"आजपास्नं ह्या उताराला पाय टाकू नगासा. औंदाचा ऊस निघंस्तोवर तरी न्हाई. शालीला आनायची असली तर सनाला मी पोचीवतो."

"व्हय," बनुबाई म्हणाली.

माणसं उठली. कुणी काठ्या आणायला गेला, कुणी उगाच आपल्या बांधाकडं. अंगण मोकळं झालं तशी शालू पुढं आली.

"आये, म्हंजे त्यांस्नी काय हुनार न्हाई?"

बनुबाईला हो म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलंही. "त्ये मला ठावं न्हाई बाय," ती म्हणाली. "तिकडं गोळ्या सुटत्यात, मी कसं सांगू. पर तुज्या हातनं काय वाईट न्हाई झालं. तू घूस मारलीस. आपल्या रानातली घूस मारलीस, एवडंच."

शालू तिच्याकडं बघत राहिली. तिचा चेहरा मोकळा होईल असं बनुबाईला वाटलं होतं. तसं झालं नाही.

"म्हैनाभर तू येत हुतीस. मी वाळताना बघत हुतीस."

"व्हय."

"आनि टपाल रखडतंय म्हनालीस."

शालू वळली आणि आत गेली. शिंक्यावरची टोपली खाली काढल्याचा आवाज आला. सकाळी सासऱ्यांसाठी केलेल्या भाकरींतली एक तिनं घेतली आणि दाराकडं पाठ करून चुलीपुढं बसली. कोरडीच. पहिला तुकडा तिनं बराच वेळ हातात धरला, मग तोंडात घातला. तिचे खांदे हलत होते. रडते आहे की चावते आहे ते पाठीवरून कळत नव्हतं. दुसरा तुकडा मोठा होता. मग तिसरा, घाईघाईनं. कोरड्या घशाला तो लागला आणि तिला ठसका बसला.

बनुबाईनं उंबऱ्याजवळचा तांब्या उचलला. ती आत पाऊल टाकणार तोच आप्पासो मध्ये आले. त्यांनी तांब्या तिच्या हातातून घेतला आणि वाकून सुनेपुढं नेऊन ठेवला.